बोटावरची शाई पुसल्यानंतर: लोकशाहीत नागरिकाचं काम नेमकं काय?

मतदानाचा दिवस. शाळेच्या वर्गाबाहेर दोन रांगा लागल्या आहेत, एक पुरुषांची आणि एक बायकांची. एक वयस्कर आपा पिशवीतून जपून ठेवलेलं मतदार ओळखपत्र काढतात. टेबलावरचा कर्मचारी यादीवर बोट फिरवतो, पान उलटतो, पुन्हा मागे येतो. ‘तुमचं नाव या यादीत नाही.’ आपा म्हणतात, ‘अरे बेटा, कार्ड आहे ना माझ्याकडे! मागच्या वेळी इथंच मत दिलं होतं.’ मागची रांग चुळबुळ करू लागते. बाहेर टेबल टाकून बसलेली पोरं मोबाइलवर नाव शोधतात, ‘शेख’, ‘शैख’, ‘शेक’ असं सगळं टाकून बघतात. नाव सापडत नाही. आपा घरी परत जातात.

प्रत्येक निवडणुकीत हे दृश्य आपल्या मोहल्ल्यांत दिसतं. संध्याकाळी त्यावर चर्चा रंगते. कोणी म्हणतं मुद्दाम नाव कापलं, कोणी म्हणतं कर्मचाऱ्यांचा गलथानपणा. दोन्ही शक्यता असू शकतात. पण एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तीन महिने आधी हीच यादी प्रारूप म्हणून जाहीर झाली होती, तेव्हा आपल्या घरातून ती कोणी पाहिली होती का?

लोकशाहीत नागरिकाची जबाबदारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बोटावरची शाई येते. मत दिलं, सेल्फी काढला, काम झालं. खरं तर मतदान हा त्या जबाबदारीतला सर्वात छोटा भाग आहे. तो पाच वर्षांतून काही वेळा येतो आणि दहा मिनिटांत संपतो. उरलेल्या दिवसांचं काय, हा या लेखाचा विषय आहे.

संविधान काय सांगतं?

भारताचं संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलं गेलं आणि २६ जानेवारी १९५० पासून लागू झालं. मूळ संविधानात नागरिकांच्या मूलभूत हक्कांचं प्रकरण होतं, पण कर्तव्यांची वेगळी यादी नव्हती. ती १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने आली. कलम ५१-क मध्ये तेव्हा दहा कर्तव्यं होती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने त्यात अकरावं कर्तव्य जोडलं गेलं. ६ ते १४ वर्षांच्या आपल्या मुलाला शिक्षणाची संधी मिळवून देणं ही आई-वडिलांची किंवा पालकांची जबाबदारी, असं ते सांगतं.

ही यादी एकदा घरात बसून वाचण्यासारखी आहे. संविधानाचं पालन, राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीताचा मान, धर्म-भाषा-प्रांताच्या पलीकडे जाऊन बंधुभाव, स्त्रियांच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणाऱ्या प्रथा सोडणं, आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणं, निसर्ग सांभाळणं, वैज्ञानिक दृष्टी आणि चौकसपणा वाढवणं, सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण करणं. या सगळ्या गोष्टी त्यात आहेत. गंमत म्हणजे मतदान त्यात नाही. कर भरणंही नाही. कर भरण्याचं कर्तव्य घालावं अशी शिफारस सरदार स्वर्णसिंग समितीने केली होती, पण ती स्वीकारली गेली नाही. मतदान आपल्याकडे सक्तीचं नाही. कर न भरल्यास मात्र त्या त्या कर कायद्यांप्रमाणे कारवाई होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण त्यावरून अनेकदा गैरसमज होतो. ‘आधी कर्तव्य करा, मग हक्क मागा’ असं संविधान कुठेही म्हणत नाही. हक्क हे कर्तव्याचं बक्षीस नाहीत. कोणी कधीच ग्रामसभेला गेला नाही, म्हणून त्याचा समानतेचा हक्क कमी होत नाही. तसंच नागरी कर्तव्य हा देशप्रेमाचा दाखलाही नव्हे, की तो कोणाला तरी सतत दाखवत बसावं. आपण हे काम स्वतःसाठी करतो, स्वतःच्या गल्लीसाठी आणि मुलांसाठी करतो. वापरात नसलेल्या कुलपाला गंज चढतो आणि ऐन वेळी ते उघडत नाही. हक्काचंही तसंच आहे.

संविधान स्वीकारण्याच्या आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबर १९४९ ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत जे भाषण केलं त्याचा रोख हाच होता. संविधान कितीही चांगलं असलं तरी ते राबवणारी माणसं नीट नसतील तर त्याचा उपयोग नाही, असं त्यांनी बजावलं. स्वातंत्र्य मिळाल्यावर आता वाईट घडलं तर इंग्रजांना दोष देण्याची सोयही राहिली नाही, याचीही त्यांनी आठवण करून दिली.

२८ लाख बायका आणि एक धडा

देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. १७ कोटींहून अधिक मतदार होते आणि त्यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. याद्या तयार होऊ लागल्या तेव्हा त्यांच्यासमोर एक वेगळीच अडचण आली. अनेक बायकांनी यादीत स्वतःचं नावच सांगितलं नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढीच नोंद झाली. परक्या माणसाला नाव सांगायचं नाही, ही रीत अनेक ठिकाणी होती.

आयोगाने ठरवलं की नावाशिवाय मतदार असू शकत नाही. नाव सांगण्यासाठी मुदत वाढवून दिली गेली. तरीही सुमारे ८ कोटी महिला मतदारांपैकी जवळपास २८ लाख जणींची नावं शेवटी यादीतून वगळावी लागली. पहिल्या निवडणुकीत त्यांना मत देता आलं नाही. पुढच्या निवडणुकीपर्यंत मात्र लोकांना त्याचं महत्त्व कळू लागलं आणि नोंदणी सुधारली.

सत्तर वर्षांहून जास्त काळ लोटला. आज कोणतीही बाई नाव सांगायला लाजत नाही. पण कागदावर तिचं नाव अजून नीट बसलेलं नसतं. आधार कार्डावर ‘शबाना बी’, रेशन कार्डावर ‘शबाना शेख’, मतदार यादीत ‘शबानाबानो’, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव. लग्न होऊन सासरी आली तर नाव माहेरच्या यादीत अडकलेलं. सय्यद-सैयद, पठाण-खान, मोहम्मद-मोहम्मंद-मो. असे घोळ पुरुषांच्या नावांतही भरपूर आहेत. उर्दूतलं नाव मराठीत आणि मराठीतलं इंग्रजीत जाताना प्रत्येक टप्प्यावर एखादी मात्रा सांडते. चूक कोणाचीही असो, तिचा फटका आपल्यालाच बसतो. म्हणून ती शोधून दुरुस्त करण्याचं काम आपल्यालाच करावं लागतं.

यादी तपासणं हे घरातलं काम आहे

हे काम अवघड नाही. फक्त वेळेवर करावं लागतं. काही गोष्टी लक्षात ठेवा.

मतदार ओळखपत्र ही फक्त ओळख आहे. मत देण्यासाठी त्या केंद्राच्या यादीत नाव असावं लागतं. कार्ड आहे पण यादीत नाव नाही, तर मत देता येत नाही. उलट यादीत नाव आहे पण कार्ड हरवलं, तर आयोगाने मान्य केलेलं दुसरं ओळखपत्र चालतं.

नवं नाव नोंदवायचं तर नमुना ६ भरायचा. नाव, पत्ता, वय, फोटो यात दुरुस्ती किंवा घर बदललं असेल तर नमुना ८. घरातलं कोणी वारलं असेल, किंवा नाव वगळायचं असेल, तर नमुना ७. वारलेल्या अब्बांचं नाव यादीतून काढायला मन धजत नाही, हे खरं आहे. पण ते तसंच राहिलं तर त्यांच्या नावावर दुसरं कोणी मत टाकण्याची शक्यता उरते. यादी स्वच्छ ठेवणं हीसुद्धा अमानत आहे.

पूर्वी १ जानेवारीला १८ वर्षं पूर्ण असतील तरच त्या वर्षी नाव लागायचं. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात. वयाची १७ वर्षं पूर्ण झालेली मुलं-मुली आधीच अर्ज देऊन ठेवू शकतात. बारावीत शिकणारी मुलगी घरात असेल तर कॉलेजच्या फॉर्मसोबत हाही फॉर्म भरून टाका. मतदानाचं वय पूर्वी २१ होतं आणि ६१ व्या घटनादुरुस्तीमुळे १९८९ पासून ते १८ झालं. मिळालेली ही संधी पहिल्या नोकरीपर्यंत किंवा लग्नापर्यंत लांबवण्यात काही अर्थ नाही.

हे सगळं निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर मोबाइलवरून होतं. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक यादी भागाचा एक बीएलओ असतो. बहुतेक वेळा ते जवळच्या शाळेतले शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात. १९५० हा हेल्पलाइन क्रमांक आहे. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे, उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीसाठी यादीत बदल होत नाही. मतदानाच्या आदल्या रात्री धावपळ करून काही उपयोग नाही.

यादीची किंमत किती मोठी असते हे २०२५ साली बिहारमध्ये दिसलं. तिथे मतदार यादीची विशेष सखोल पडताळणी झाली आणि १ ऑगस्टला प्रसिद्ध झालेल्या प्रारूप यादीत आधीच्या यादीतली सुमारे ६५ लाख नावं नव्हती. त्यावर राजकारण झालं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या वादात आपलं मत काहीही असो, एक गोष्ट सगळ्यांना मान्य करावी लागेल. ज्या घरात कागद नीट होते आणि ज्यांनी प्रारूप यादी वेळेत पाहिली, त्यांना दावा करणं सोपं गेलं.

मत कोणाचं? घरातल्या मोठ्यांचं की आपलं?

आपल्याकडे अजून काही ठिकाणी मत घराघराने किंवा बिरादरीने ठरतं. मोठे म्हणतील तिकडे सगळ्यांनी जायचं. सल्लामसलत करण्यात वाईट काही नाही. पण मतपेटीचा पडदा असतो तो यासाठीच, की आत गेल्यावर माणूस एकटा असावा. सून, मुलगी, आजी या प्रत्येकीचं मत वेगळं असू शकतं आणि ते तिचंच आहे. नको असेल तर कोणालाच मत न देण्याचा, ‘नोटा’चा पर्यायही २०१३ पासून यंत्रावर आहे.

पाकिटाचंही तसंच. मतासाठी पैसे देणं हा गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत असतं. घेणं हाही गुन्हाच आहे, हे कमी जणांना ठाऊक असतं. आणि ज्याने मत विकत घेतलं, त्याच्याकडे पुढची पाच वर्षं गटारीची तक्रार कोणत्या तोंडाने घेऊन जायची? त्याने तर किंमत आधीच चुकती केलेली असते. मत ही एक प्रकारची शहादत, म्हणजे साक्ष आहे, असं आपल्या अनेक उलेमांनी समजावून सांगितलं आहे. पैसे घेऊन साक्ष देणाऱ्याला आपण काय म्हणतो, हे वेगळं सांगायला नको.

खिदमत करतो, पण हिशोब मागत नाही

आपल्या समाजाची एक मोठी ताकद आहे, ती म्हणजे खिदमत. २०२० साली कोरोनाचा कहर चालू असताना इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने ईदचा खर्च वाचवून ३६ लाख रुपये जमवले आणि तिथल्या सरकारी रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करायला दिले. त्या काळात अनेक गावांत आपल्या पोरांनी जात-धर्म न बघता मयतांचे अंत्यसंस्कार केले. पूर आला की मशिदीत डेग चढते. जकात, सदका, लिल्लाह या वाटांनी आपण दरवर्षी केवढी तरी रक्कम देतो.

पण याच ताकदीची एक दुसरी बाजू आहे. गल्लीत पाणी येत नाही, तर आपण वर्गणी काढून टँकर मागवतो. सरकारी दवाखान्यात डॉक्टर नाही, तर ट्रस्टचा दवाखाना शोधतो. पालिकेच्या उर्दू शाळेत शिक्षक कमी आहेत, तर मुलाला तिथून काढून खासगी शाळेत घालतो. प्रत्येक वेळी आपला प्रश्न आपल्यापुरता सुटतो. पाण्याची लाइन मात्र तशीच राहते, दवाखाना तसाच, आणि शाळेत मागे राहतात ती सर्वात गरीब घरांतली मुलं.

टँकर मागवणं ही खिदमत आहे. लाइन का आली नाही, तिचे मंजूर झालेले पैसे कुठे गेले, हे विचारणं ही नागरिकाची जबाबदारी आहे. पहिलं काम आपण मनापासून करतो. दुसरं कोणी तरी करेल म्हणून सोडून देतो. सरकारी तिजोरी ही कोणाची मेहरबानी नाही. काडेपेटीपासून मोटारसायकलपर्यंत प्रत्येक खरेदीवर आपण कर भरतो. तिजोरीत आपलाही वाटा आहे आणि वाटेकऱ्याला हिशोब विचारायचा हक्क असतो. कोणीच विचारत नसेल तर पैसा जिथे विचारणारे आहेत तिकडे वळतो.

सुरुवात मुलांच्या शाळेपासून

हिशोब मागायची सर्वात जवळची जागा म्हणजे मुलांची शाळा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे सरकारी, जिल्हा परिषद आणि पालिकेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावीच लागते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करणं, आलेल्या अनुदानाचा वापर कसा होतो हे पाहणं, ही तिची कामं. अनुदानित अल्पसंख्याक शाळांत मात्र ही समिती फक्त सल्ला देण्यापुरती असते, हा फरक लक्षात ठेवावा.

प्रत्यक्षात काय होतं? मुख्याध्यापक कोणाला तरी घरून बोलावतात, रजिस्टरवर सही घेतात, चहा होतो. अनेक अम्मींना आपण समितीत आहोत हेही माहीत नसतं. त्यांनी फक्त तीन प्रश्न विचारायला सुरुवात केली तरी चित्र बदलतं. शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत? मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का? या वर्षी किती अनुदान आलं आणि कशावर खर्च झालं? उत्तर मिळालं की ते इतिवृत्तात लिहून घ्यायचं, मग सही करायची. उर्दू शाळा वाचवा म्हणून भाषणं आपण खूप ऐकतो. ती वाचवण्याचं काम या रजिस्टरवरही होतं.

गावात ग्रामसभा, शहरात वॉर्ड

गावात राहणाऱ्यांकडे तर संविधानाने थेट सभागृहच दिलं आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीमुळे १९९३ पासून ग्रामसभेला घटनात्मक दर्जा मिळाला. ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य असतो. लोकसभेत आपला खासदार बोलतो, विधानसभेत आमदार बोलतो. ग्रामसभेत आपण स्वतः बोलतो. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा होते. गावाचा विकास आराखडा, वर्षाचा जमाखर्च, घरकुलासारख्या योजनांचे लाभार्थी, हे विषय तिथे येतात.

कब्रस्तानाची भिंत, मोहल्ल्यातला रस्ता, पथदिवा, यासाठी आपण पुढाऱ्याच्या घरी चकरा मारतो. तोच विषय ग्रामसभेत लेखी मांडून ठरावात घेतला, तर तो मेहरबानीचा न राहता कामाचा विषय होतो. त्याच सभेत दलित वस्तीतल्या पाण्याचा, मराठी शाळेच्या छपराचा विषय आला तर त्यालाही हात वर करायला हवा. आपलं काम आलं की बोलायचं आणि दुसऱ्याचं आलं की उठून जायचं, अशाने कोणी कोणाच्या पाठीशी उभं राहत नाही.

शहरात ही सोय कमी आहे. शिवाय महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत मधली काही वर्षं नगरसेवकच नव्हते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे दीर्घ काळ प्रशासकाने कारभार पाहिला. अशा वेळी तर नागरिकांची लेखी तक्रार हाच मोठा आधार असतो. वॉर्ड ऑफिसात तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक घ्या, फोटो जोडा. एकाच विषयावर गल्लीतल्या वीस घरांनी वेगवेगळी तक्रार केली तर ती टाळणं अवघड जातं.

एक कागद, एक पोच

तोंडी सांगितलेलं काम हवेत विरतं. म्हणून दोन कायदे प्रत्येक घरात माहीत असायला हवेत.

पहिला माहितीचा अधिकार, २००५ चा. साध्या कागदावर अर्ज, १० रुपये शुल्क. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाही. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो. ३० दिवसांत माहिती द्यावी लागते, नाही तर पहिलं अपील आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं. कारण नसताना माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘रस्ता का केला नाही?’ असं विचारू नका. ‘या रस्त्यासाठी किती रक्कम मंजूर झाली, ठेकेदाराला किती दिली, कार्यादेशाची प्रत द्या’ असं विचारा. ‘का’ला उत्तर टाळता येतं, कागदाची प्रत टाळणं कठीण असतं.

दुसरा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ चा. जन्म-मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला अशा अधिसूचित सेवा किती दिवसांत द्यायच्या हे त्याखाली ठरलेलं आहे. कार्यालयात तो फलक लावलेला असायला हवा. ‘आपले सरकार’ पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. मुदतीत सेवा मिळाली नाही तर अपील आहे. पण अपील करायला अर्जाची पोच लागते. म्हणून कोणत्याही खिडकीवर कागद देताना पोच घेतल्याशिवाय हलू नका.

आपल्या बाजूचं काय?

दुसऱ्याला हिशोब मागताना स्वतःचाही द्यावा लागतो. जुम्याच्या नमाजला येताना रस्त्यावर आडवी लावलेली गाडी, लग्नाच्या मांडवाने बंद झालेली गल्ली, बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी नाक्यावर पडलेला कचरा, गटारीवर बांधलेला ओटा. यातून ॲम्ब्युलन्स अडते, शेजारी वैतागतो, आणि पालिकेच्या दारात आपला आवाज कमी होतो. रस्त्यातली इजा करणारी वस्तू बाजूला करणं ही नेकी आहे, अशी हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. मग रस्त्यात नवी अडचण न टाकणं ही तर त्याच्याही आधीची पायरी झाली. अनेक ठिकाणी मशिदीच्या कमिट्या कुर्बानीच्या आधीच पालिकेशी बोलून कचऱ्याची गाडी, पिशव्या आणि वेळ ठरवून घेतात. जिथे असं नियोजन होतं, तिथे पोलिसांना आणि शेजाऱ्यांना काही सांगायची वेळ येत नाही.

घरपट्टी-पाणीपट्टीचंही तसंच. थकबाकी ठेवून नळाची तक्रार करता येते, कायद्याने कोणी अडवत नाही. पण पावती हातात असली की बोलणाऱ्याचा आवाज वेगळा लागतो.

‘याने काय होणार?’

हा प्रश्न आपल्याकडे पुष्कळ जण विचारतात, आणि त्यामागे अनुभव असतो. अर्ज केले, उत्तर आलं नाही. नाव बघून फाइल मागे ठेवली गेली, असंही अनेकांना वाटतं, काहींनी ते सोसलंही आहे. तो अनुभव खोटा ठरवायचं कारण नाही. भेदभाव झाला तर त्याविरुद्ध बोलणं, राज्य अल्पसंख्याक आयोगापासून न्यायालयापर्यंत जाणं, हेसुद्धा नागरिकाचंच काम आहे. पण त्या लढाईतही शेवटी कामी येतो तो कागदच. तारखेसह अर्ज, पोच, उत्तर, अपील. ज्याच्याकडे हे असतं त्याची तक्रार ‘गाऱ्हाणं’ राहत नाही, प्रकरण बनते.

आणि हे काम एकट्याचं नाही. मोहल्ल्यातली दोन शिकलेली पोरं, एक निवृत्त शिक्षक, बचत गटातल्या दोन आपा एवढे जण पुरेसे आहेत. मशिदीच्या नोटीस बोर्डावर नमाजच्या वेळांशेजारी प्रारूप मतदार यादीची तारीख लागली, तर किती घरांचं काम होईल!

सुरुवात आजच करता येईल. रात्री जेवण झाल्यावर घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं आणि मतदार ओळखपत्रं एका चादरीवर मांडा. अम्मीचं नाव, दादीचं नाव, नव्या सुनेचं नाव, सगळ्या कागदांवर सारखं आहे का ते बघा. मोबाइलवर यादीत शोधा. चूक दिसली तर लगेच नमुना ८ भरा. कॉलेजला जाणाऱ्या मुलाला हे काम सांगा आणि शेजारच्या आपांचं नावही त्याच्याकडून तपासून घ्या. म्हणजे पुढच्या निवडणुकीत त्यांना रांगेतून परत फिरावं लागणार नाही.